इंजेक्शनने भुवई कशी उचलली जाते?

मुंबईतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत मुरुमे, वांग आणि केसगळती यांच्या रुग्णांबरोबर गेल्या काही वर्षांत आणखी एक तक्रार नेमाने ऐकू येऊ लागली आहे. चाळिशी ओलांडलेली व्यक्ती सांगते की, पुरेशी झोप होऊनही ऑफिसात सगळे जण ‘बरं नाही का?’ म्हणून विचारतात, फोटोत डोळे लहान दिसतात, आयलायनर लावले की ते पापणीच्या घडीत जाऊन बसते, आणि भुवयांची बाहेरची टोके पूर्वीपेक्षा खाली आल्यासारखी वाटतात. यावर शस्त्रक्रियेशिवाय जो उपाय सुचवला जातो तो बोटॉक्सच्या इंजेक्शनाचा. हे औषध भुवईला खालून आधार देते किंवा त्वचा ताणून घट्ट करते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कोणतीही गोष्ट उचलण्याची क्षमता त्यात नाही. त्याला एकच काम येते, ते म्हणजे ज्या स्नायूत ते टोचले आहे तो स्नायू काही महिने दुबळा करणे. स्नायू दुबळा करून भुवई वर कशी जाते, हे एकदा नीट कळले की या उपचाराचा उपयोग कोणाला, मर्यादा कोणत्या आणि बिघाड का होतात, हेही आपोआप कळते.

भुवई कपाळाच्या हाडाला घट्ट चिकटलेली नसते. ती हाडावरून सरकते, आणि नेहमी किती उंचीवर राहील हे तिला वर आणि खाली ओढणाऱ्या स्नायूंवर ठरते. वर ओढणारा स्नायू एकच आहे, फ्रन्टॅलिस. कपाळभर उभ्या तंतूंनी पसरलेला हा पातळ स्नायू आखडला की भुवया वर जातात आणि कपाळावर आडव्या आठ्या पडतात. खाली ओढणारे मात्र चार आहेत. नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधोमध प्रोसेरस असतो. भुवईच्या आतल्या टोकापासून तिरका बाहेर जाणारा कॉरुगेटर रागाच्या वेळी दोन्ही भुवया जवळ आणतो आणि मधल्या उभ्या रेघा पाडतो. त्याच्या शेजारी डिप्रेसर सुपरसिलिआय नावाचा लहानसा स्नायू आहे. चौथा म्हणजे डोळ्याभोवती कड्यासारखा फिरलेला ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली, ज्याच्या जोरावर आपण डोळे मिटतो. त्याचा जो भाग भुवईच्या शेपटाजवळून जातो, तो डोळे घट्ट मिटताना आणि खळखळून हसताना भुवईचे बाहेरचे टोक खाली खेचतो. ही दिवसभर चालणारी रस्सीखेच आहे, आणि तीत एका बाजूला एकटा फ्रन्टॅलिस तर दुसऱ्या बाजूला चौघे आहेत. खालच्या बाजूच्या एकदोघांची पकड ढिली झाली, तर वरच्याने जादा जोर न लावताही दोर त्याच्याकडे सरकतो. इंजेक्शन ही पकड ढिली करते. भुवई वर नेण्याचे काम फ्रन्टॅलिस स्वतःच करतो.

भुवईचे शेपूटच आधी का उतरते, याचेही कारण याच रचनेत आहे. कपाळावरून कानशिलाकडे बोट फिरवत नेले तर हाडाची एक कड हाताला लागते, आणि दात आवळले की त्या कडेच्या मागे चावण्याचा स्नायू फुगलेला जाणवतो. फ्रन्टॅलिसचे तंतू साधारण या कडेपर्यंतच येऊन थांबतात. भुवईचे बाहेरचे टोक मात्र अनेकांत तिच्याही पलीकडे गेलेले असते. म्हणजे ज्या भागाला खाली ओढणारा स्नायू आहे, त्याच भागाला वर ओढणारे कोणी नाही. तरुणपणी त्वचेची लवचीकता आणि कानशिलातली चरबी ही उणीव झाकून नेतात. वय वाढते तशी त्वचा सैल होते, कानशिले थोडी आत बसतात, वर्षानुवर्षे लागलेल्या उन्हाने त्यात भर पडते, आणि टोक हळूहळू डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेखाली उतरते. म्हणून भुवई उचलण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची दोन मुख्य ठिकाणे ठरलेली आहेत. एक म्हणजे भुवयांच्या मधला भाग, आणि दुसरे म्हणजे शेपटाजवळचा ऑर्बिक्युलॅरिस.

औषधाचे मूळ नाव बॉट्युलिनम टॉक्सिन प्रकार ए; बोटॉक्स हे त्याचे एक व्यापारी नाव. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू जिथे हवा पोहोचत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ नीट निर्जंतुक न करता डबाबंद केलेल्या अन्नात, हे विष तयार करतो. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास खराब सॉसेज खाऊन झालेल्या विषबाधेची लक्षणे बारकाईने नोंदवली, आणि अतिशय थोड्या प्रमाणात हेच विष औषध म्हणून वापरता येईल अशी कल्पनाही मांडली. शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. उपचारासाठीचा पहिला खरा उपयोग मात्र सौंदर्याचा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी १९७०च्या दशकात तिरळेपणावर ते वापरून पाहिले, आणि १९८९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांची अनावर फडफड या दोन विकारांसाठी त्याला मान्यता दिली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आले की, फडफडीसाठी इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांच्या भुवयांमधल्या रेघाही पुसट होत आहेत. त्यांचे पती ॲलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता २००२मध्ये मिळाली, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी २०१३मध्ये आणि कपाळावरच्या आठ्यांसाठी २०१७मध्ये. या यादीत भुवई उचलणे नाही. १९९८मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून या वापराची पद्धतशीर चर्चा सुरू झाली आणि आज तो जगभर रुळलेला आहे. तरीही अधिकृत लेबलाबाहेरचा वापर असेच त्याचे स्वरूप आहे. यात बेकायदा काही नाही, डॉक्टर अनुभवाच्या आधारे असे निर्णय नेहमी घेतात. पण त्यामुळे डोसाचा छापील तक्ता उपलब्ध नसतो आणि सगळी भिस्त टोचणाऱ्याच्या समजेवर राहते.

स्नायूच्या पातळीवर घडते ते असे. मेंदूकडून आलेला संदेश मज्जातंतूच्या टोकापर्यंत पोहोचला की तिथल्या बारीक पिशव्यांमधून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन बाहेर पडते आणि ते मिळाले की स्नायू आखडतो. या पिशव्यांना तंतूच्या कडेशी नेऊन उघडणाऱ्या यंत्रणेत स्नॅप-२५ नावाचे एक प्रथिन असते. बॉट्युलिनम टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि हे प्रथिन कापते. पिशव्या भरलेल्याच राहतात, रसायन बाहेर येत नाही, आणि स्नायू धडधाकट असूनही त्याला हुकूमच मिळत नाही. त्वचा बधिर होत नाही, कारण स्पर्श वाहून नेणाऱ्या तंतूंचे काम वेगळ्या मार्गाने चालते. दोन-तीन दिवसांत परिणाम जाणवू लागतो, साधारण दोन आठवड्यांत तो पूर्ण दिसतो. पुढे मज्जातंतू नवी टोके फोडतो, कापलेले प्रथिन पुन्हा तयार होते, आणि तीन ते चार महिन्यांत स्नायू पूर्ववत काम करू लागतो. टोचलेल्या क्षणी चेहऱ्यात काहीच बदल दिसत नाही. ‘लंच ब्रेकमध्ये जाऊन नवा चेहरा घेऊन या’ अशा जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

चांगल्या दवाखान्यात या प्रक्रियेतला सर्वांत मोठा वेळ सुईला नव्हे, पाहण्याला दिला जातो. व्यक्तीला आडवे न झोपवता ताठ बसवतात, कारण आडवे पडल्यावर भुवई आपोआप वर सरकते आणि अंदाज चुकतो. मग डॉक्टर एकेक हालचाल करायला लावतात. “रागावल्यासारखं करा... आता भुवया वर... आता डोळे घट्ट मिटा, अजून घट्ट.” डोळे घट्ट मिटलेले असताना भुवईच्या शेपटापाशी त्वचा ज्या बिंदूकडे गोळा होते, तिथे पांढऱ्या पेन्सिलीने बारीक ठिपका केला जातो. दोन्ही बाजूंचे ठिपके क्वचितच एका रेषेत येतात. बहुतेकांची एक भुवई जन्मापासूनच दुसरीपेक्षा थोडी वर असते, आणि अनेकांना हे पहिल्यांदा तिथल्या फोटोतच समजते. म्हणूनच आधीचे फोटो घेतलेच पाहिजेत. नाहीतर जुना फरक नव्या इंजेक्शनाच्या माथी मारला जातो. औषध पावडरीच्या स्वरूपात बंद कुपीत येते आणि त्यात सलाईन मिसळून ते तयार केले जाते. पन्नास युनिटांच्या कुपीत १.२५ मिलिलिटर सलाईन घातले तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिटे बसतात. भुवयांच्या मधल्या भागासाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस पाच बिंदूंवर मिळून २० युनिटे आहे. शेपटाजवळ मात्र प्रत्येक बाजूला साधारण २ ते ५ युनिटे पुरतात, म्हणजे एखाद-दोन थेंब. केसाएवढ्या बारीक सुईने ते त्वचेच्या अगदी खाली, उथळ सोडतात, कारण ऑर्बिक्युलॅरिस तिथे त्वचेला लागूनच असतो. त्या वेळी डॉक्टरांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेवर दाबून ठेवलेला असतो आणि सुईचे टोक डोळ्यापासून दूर वळवलेले असते. औषध खोबणीत उतरू नये म्हणून हा सारा बंदोबस्त.

कपाळाच्या आठ्यांसाठीही इंजेक्शन हवे असेल तर प्रकरण नाजूक होते, आणि सर्वांत जास्त निराशा इथेच पदरी पडते. आठ्या ज्या स्नायूमुळे पडतात तोच भुवई वर धरणारा एकमेव स्नायू आहे. आठ्या पूर्ण गुळगुळीत करण्याच्या हट्टाने फ्रन्टॅलिसला भरपूर औषध दिले की चारही खालचे स्नायू जिंकतात आणि भुवया डोळ्यांवर येऊन बसतात. कपाळ काचेसारखे नितळ होते खरे, पण चेहरा आधीपेक्षा दमलेला दिसतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले त्याच्या नेमके उलट. म्हणून जाणकार डॉक्टर भुवईच्या वरची दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी सहसा मोकळी ठेवतात, कपाळाच्या वरच्या भागातच कमी डोस देतात, आणि थोड्या आठ्या राहतील हे आधीच सांगतात. ‘थोड्या आठ्या राहू द्या’ असे म्हणणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

किती फरक पडतो, याचे प्रामाणिक उत्तर बहुतेकांमध्ये एक ते तीन मिलिमीटर असे आहे. फुटपट्टीवर हे काहीच नाही. डोळ्यावर मात्र दोन मिलिमीटर सहज दिसतात, कारण तेवढ्याने पापणीची घडी मोकळी होते आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरची सावली कमी होते. ज्यांची त्वचा अजून लवचीक आहे, खालचे स्नायू जोरदार आहेत आणि भुवई नुकतीच उतरू लागली आहे, अशा साधारण तिशी ते पन्नाशीतल्या लोकांना याचा चांगला उपयोग होतो. ज्यांच्या वरच्या पापणीची कातडीच सैल होऊन पापण्यांच्या केसांवर टेकली आहे, त्यांना इंजेक्शनातून काही मिळत नाही. जास्तीची कातडी औषधाने नाहीशी होत नाही.

याहून महत्त्वाचा एक गट आहे, आणि आपण त्यात आहोत का हे घरी आरशासमोर पाहता येते. काही लोकांची पापणीच मुळात थोडी खाली असते, किंवा तिच्यावर कातडीचा भार असतो, आणि नीट दिसावे म्हणून ते नकळत दिवसभर फ्रन्टॅलिस आखडून भुवया वर धरून ठेवतात. त्यांच्या कपाळावर ठळक आठ्या असतात आणि संध्याकाळपर्यंत कपाळ दुखते. आरशासमोर बसून डोळे मिटावेत, कपाळ सैल सोडावे, दोन्ही हातांची बोटे भुवयांवर आडवी ठेवून त्या हलू न देता हळूच डोळे उघडावेत. असे केल्यावर पापणीची कड बुबुळाच्या मधल्या काळ्या भागावर येत असेल, किंवा कातडी नजरेआड येत असेल, तर तुमच्या आठ्या केवळ शोभेच्या नाहीत, त्या तुमचे डोळे उघडे ठेवत आहेत. अशा व्यक्तीच्या कपाळात बोटॉक्स गेले की दोन आठवड्यांत डोळे जड होतात, वाचताना मान मागे टाकावी लागते, आणि दोष औषधाला दिला जातो. अशांनी आधी पापण्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. पापणी पडण्यामागे मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजारही असू शकतो, आणि त्या आजारात हे औषध देणे धोक्याचे आहे.

नेहमी दिसणारा बिघाड म्हणजे भुवईची बाहेरची कमान नको तितकी वर जाणे. कपाळाच्या मधल्या भागात औषध दिले आणि कडेचे तंतू तसेच मोकळे राहिले, तर सगळी ओढ त्या तंतूंकडे जाते. शेपूट टोकदार वर चढते आणि माणूस सदैव कोणावर तरी संशय घेतल्यासारखा दिसतो. यावरचा उपाय सोपा आहे. त्या तंतूंत एक-दोन युनिटे दिली की काही दिवसांत कमान खाली येते. म्हणूनच दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावतात, आणि ही भेट टाळू नये. त्याआधी घाईने जास्त औषध भरण्यातही अर्थ नसतो, कारण पहिल्या डोसाचा परिणामच पूर्ण झालेला नसतो.

पापणी पडणे हा त्याहून त्रासदायक प्रकार. भुवयांच्या मधल्या भागात दिलेले औषध खोबणीच्या कडेवरून खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या लेव्हेटर स्नायूपर्यंत पोहोचले की एका डोळ्याची पापणी अर्धवट मिटलेली राहते. हे सहसा पहिल्या दोन आठवड्यांत दिसते. त्यावर उतारा नाही, कारण एकदा मज्जातंतूत शिरलेले औषध परत काढता येत नाही. ॲप्राक्लोनिडिनसारखे थेंब पापणीतल्या म्यूलर नावाच्या दुसऱ्या छोट्या स्नायूला चेतवून पापणी एक-दोन मिलिमीटर वर आणतात आणि त्यावर काही आठवडे निभावून न्यावे लागते. बाकी इंजेक्शनानंतर डोके दुखणे, टोचल्या जागी लाल फुगवटी येणे किंवा काळानिळा डाग पडणे हे किरकोळ आणि तात्पुरते असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग मोठा पडू शकतो, पण हृदयविकारासाठी दिलेली गोळी भुवईसाठी स्वतःच्या मनाने बंद करणे हा शुद्ध वेडेपणा होय. इंजेक्शननंतर चार तास आडवे पडू नये, कपाळ चोळू नये, त्या दिवशी व्यायाम टाळावा, असे सांगतात. यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, मात्र त्याच संध्याकाळी फेशियल किंवा डोक्याला मालिश करून घेणे आणि घट्ट हेल्मेट घालून मीरा रोडपर्यंत जाणे तेवढे टाळावे.

विष या शब्दाने दचकणाऱ्यांसाठी प्रमाणाविषयी थोडे. या औषधाचे एक युनिट म्हणजे पोटात टोचल्यावर उंदरांच्या एका गटातले निम्मे दगावतील इतकी मात्रा. भुवईसाठी एकूण वीस-तीस युनिटे लागतात, तर मान वाकडी करणाऱ्या डिस्टोनियासारख्या आजारात मेंदूविकारतज्ज्ञ एका वेळी २००-३०० युनिटे देतात. शरीरात दूरवर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होण्याचा इशारा अमेरिकेत २००९पासून या औषधांच्या लेबलावर ठळक चौकटीत छापला जातो. असे प्रकार मुख्यतः मोठ्या डोसांच्या संदर्भात नोंदले गेले आहेत, पण इंजेक्शननंतर आवाज बदलला, गिळता येईना किंवा दम लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे इंजेक्शन देत नाहीत. जेंटामायसिनसारखी ॲमिनोग्लायकोसाइड गटातली प्रतिजैविके चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी परिणाम वाढू शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटे एकमेकांच्या बरोबरीची नसतात, हेही लक्षात असू द्यावे. भुवयांच्या मधल्या भागासाठी बोटॉक्सची २० युनिटे लागतात, तिथेच डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाची ५० लागतात. दवाखान्यांच्या दरांची तुलना करताना केवळ युनिटाचा भाव विचारला तर फसगत ठरलेली.

भुवई वर दिसावी म्हणून फिलर भरण्याचाही सल्ला काही ठिकाणी मिळतो, आणि बोलण्याच्या ओघात दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. त्या अगदी वेगळ्या आहेत. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडची जेल, जी शेपटाखाली किंवा कानशिलात भरून भुवईला खरोखरच खालून आधार देते. तिचा परिणाम लगेच दिसतो आणि अनेक महिने टिकतो. पण भुवयांच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीशी थेट संबंध आहे. चुकून जेल वाहिनीत शिरून उलट दिशेने सरकली तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते. हे क्वचित घडते, तरी भुवयांमधला भाग या बाबतीत चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी मानला जातो. फिलर देताना किंवा दिल्यावर डोळ्यात तीव्र कळ आली, दिसेनासे झाले किंवा त्वचा पांढरीफटक पडली, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि जेल विरघळवणारे हायल्युरोनिडेज त्या दवाखान्यात हाताशी असावे लागते. भुवई दोन मिलिमीटर वर नेण्यासाठी पहिल्याच भेटीत फिलर सुचवला जात असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेईन.

मुंबईत हे इंजेक्शन कोण देतो, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. थ्रेडिंग करून देणाऱ्या पार्लरमध्ये एक खोली ‘एस्थेटिक’ पाटी लावून उघडलेली आता उपनगरांतल्या कुठल्याही मुख्य रस्त्यावर दिसते, आणि तिथे सुई धरणारी व्यक्ती डॉक्टर असेलच असे नाही. त्वचारोगातील किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पाटीवर आणि चिठ्ठीवर तो क्रमांक असतोच. कुपी आपल्यासमोर उघडावी आणि तिच्यावरचे नाव, बॅच क्रमांक व मुदत बिलावर लिहून द्यावी, असा आग्रह धरावा. औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि सलाईन मिसळल्यानंतर उत्पादकाच्या सूचनेनुसार २४ तासांत संपवायचे असते. मे महिन्याच्या उकाड्यात ‘कालची उरलेली कुपी आहे, स्वस्तात करून देतो’ या वाक्याचा अर्थ त्यावरून लावावा. बनावट मालाची भीतीही खरी आहे. अमेरिकेत एप्रिल २०२४मध्ये नकली बोटॉक्समुळे अनेक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि तिथल्या यंत्रणांना सावधगिरीचा जाहीर इशारा द्यावा लागला. खर्चाचा हिशेब करताना हेही ध्यानात घ्यावे की आपल्याकडे सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची करमाफी नाही, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा काही देत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की दवाखान्यांत गर्दी उसळते, आणि समारंभाच्या आठवड्यात येऊन ‘तेवढं पटकन करा’ म्हणणारी वरमाई हा डॉक्टरांच्या दृष्टीने नाजूक प्रसंग असतो. परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे, दुरुस्ती लागलीच तर तिला आणखी आठवडाभर, आणि डाग पडला तर तो जायला काही दिवस, असा हिशेब धरून किमान महिनाभर आधी यावे, आणि पहिलाच अनुभव असेल तर लग्नाच्या निमित्ताची वाटच पाहू नये.

आकाराबाबतही आधी बोलून घ्यावे. स्त्रीच्या भुवईची कमान साधारण बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या किंवा त्याहून थोड्या बाहेरच्या रेषेवर सर्वांत उंच असावी, हा मेकअपच्या जगातून आलेला संकेत डॉक्टरही वापरतात. पुरुषाची भुवई सरळ आणि हाडाच्या कडेलगत असते. पुरुषाला स्त्रीसारखी कमान दिली गेली की काय बदलले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. पुरुषांचे स्नायू बहुधा जाड असल्याने त्यांना डोस जास्त लागतो, त्यामुळे ही चूक होण्याची शक्यताही वाढते. समाजमाध्यमांवर दिसणारे कानाकडे ताणलेले डोळे हवे असतील, तर ते इंजेक्शनाने होत नाहीत. ती बहुतेक वेळा त्वचेखाली घालून ओढलेल्या धाग्यांची, शस्त्रक्रियेची, मेकअपची किंवा फिल्टरची करामत असते.

दोन वेळांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवतात, कारण कमी अंतराने आणि मोठ्या मात्रेत घेत राहिल्यास शरीर या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि मग औषध लागू पडत नाही. सौंदर्यासाठीच्या छोट्या डोसांत हे क्वचितच घडते. पाच-सात वर्षे नियमित घेणाऱ्यांना एक काळजी नेहमी सतावते की, थांबवले तर भुवया पूर्वीपेक्षा जास्त पडतील का. तसे होत नाही. औषधाचा अंमल उतरला की खाली ओढणारे स्नायू पुन्हा कामाला लागतात, आणि भुवई त्या वयात जिथे असायची तिथे हळूहळू परत येते. मधल्या काळात वय वाढलेले असते आणि डोळ्यांना वर उचललेल्या भुवईची सवय झालेली असते, म्हणून ती जास्त उतरल्यासारखी वाटते. पहिल्या भेटीचे फोटो जपून ठेवलेले असतील तर त्यांच्याशी ताडून पाहावे.